नागपूरचा वीकेंड: आधी महिना आणि वेळ बघा, ठिकाण नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून नोकरीसाठी नागपुरात आलेलं कुटुंब, ऑफिस मिहानमध्ये (विमानतळाजवळचा औद्योगिक भाग), घरात नवरा-बायको, सात आणि अकरा वर्षांची मुलं आणि सासष्ट वर्षांची आई. पुण्यात दर शनिवारी एखादा किल्ला व्हायचा, इथे ज्याला विचारावं तो ताडोबा म्हणतो, दर वीकेंडला सफारी परवडत नाही, आणि आता फेब्रुवारी चालू आहे तर सगळे म्हणतात होळी झाली की जूनपर्यंत घरातच बसा. मग करायचं काय?

भाऊ, मी इथलाच आहे आणि वीसेक वर्षं लोकांना घेऊन ह्याच परिसरात फिरतोय, शाळेची पोरं, रिटायर झालेले काका-काकू, पक्षी बघणारे, सगळेच. म्हणून पहिले एक सांगतो, सह्याद्री इथे शोधू नका, नाहीतर दर रविवारी चिडून घरी याल. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर, आजूबाजूला सपाट काळी जमीन आणि मधेमधे बुटक्या टेकड्या. दख्खनचा काळा दगड इथवर येतो आणि संपतो, पुढे पूर्वेला-उत्तरेला त्याहून कितीतरी जुने दगड लागतात. कडे, सुळके, घाट हे काही नाही. आहे ते तलाव, जंगल आणि जुने दगड. आणि हे तिन्ही शहरापासून तास-दीड तासाच्या आत आहेत, पुण्याहून ताम्हिणीच्या ट्रॅफिकमधून सुटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इथे तुम्ही वाघाच्या जंगलाच्या गेटवर असता.

दुसरं म्हणजे इथे "कुठे जाऊ" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न "कोणत्या महिन्यात आणि किती वाजता". तेच ठिकाण डिसेंबरात सकाळी अकराला स्वर्ग असतं आणि एप्रिलात सकाळी अकराला तिथे उभं राहवत नाही. हे एकदा अंगवळणी पडलं की वर्षाचे बाराही महिने बाहेर पडता येतं. हो, मे महिन्यातसुद्धा.

आधी उन्हाबद्दल सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आपलं ऊन कोरडं असतं. पारा ४४-४५ ला जातो, काही दिवस त्याच्याही वर, पण हवेत ओल नसते म्हणून घाम आला की लगेच उडून जातो आणि माणसाला वाटतं की आपल्याला घामच येत नाहीये. पुण्या-मुंबईहून आलेले लोक इथेच फसतात, कपडे कोरडे असतात म्हणून पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. मग जूनच्या मध्यावर ढग येतात, पारा ३८-३९ वर उतरतो, लोक म्हणतात चला आता बरं झालं, आणि खरा त्रासाचा काळ तोच असतो. घरातला कूलर त्या पंधरा दिवसांत काम करत नाही, बरोबर? कूलर पाणी उडवून हवा गार करतो, हवेतच ओल असली की पाणी उडत नाही. आपलं शरीरही घाम उडवूनच गार राहतं, त्यामुळे कूलर निकामी झाला की समजायचं आपलीही कूलिंग सिस्टीम अर्धी बंद आहे. त्या दिवसांत आईला घेऊन लांब जाऊ नका, मुलांना दमवू नका.

आणखी एक गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी टेकडीवर जाऊ नका. सूर्य मावळला तरी दिवसभर तापलेला दगड रात्री आठ-नऊपर्यंत गरमी सोडत असतो. टेकडी, गड, दगडी पायऱ्या हे सगळं पहाटेचं काम. संध्याकाळी तलाव, तेसुद्धा वारं वाहतं त्या काठाला. मे महिन्यात साडेपाचच्या आसपास उजाडतं, म्हणजे पाचला घर सोडलं तर साडेआठपर्यंत तुमचे तीन तास होतात, आणि साडेआठ ही लक्ष्मणरेषा धरा. नंतर तर्री पोहे खाऊन घरी, आंघोळ, पडदे ओढून झोप. इथल्या माणसाचा उन्हाळी रविवार असाच असतो आणि तो वाया गेलेला रविवार नसतो.

आता शहरातलं. मिहानजवळ राहत असाल तर अंबाझरी थोडं लांब पडेल पण पहाटे रस्ता मोकळा असतो. अंबाझरी तलाव १८७० चा, पूर्वी शहराला पिण्याचं पाणी इथूनच जायचं. २३ सप्टेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर जो प्रचंड पाऊस झाला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला तेव्हा हाच तलाव ओसंडला होता, त्यामुळे पावसाळ्यात बांधाच्या खालच्या बाजूला रेंगाळू नका. तलावाच्या मागे अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आहे, झाडी, गवताळ माळ, चालायच्या वाटा, सायकल घेऊन जायला छान. गेटवरची वेळ आधी बघून घ्या, ती ऋतूप्रमाणे बदलते. दुसरं गोरेवाडा. तिथल्या प्राणीसंग्रहालयाची इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, बसमधून वाघ-अस्वल-बिबटे बघायला मुलांना आवडतंच, पण माझं प्रेम तलावाच्या बाजूच्या जंगलावर आहे. तिथे मोकळे बिबटे आहेत, त्यामुळे परवानगी असलेली वाट सोडायची नाही. सेमिनरी हिल्स आईसाठी उत्तम, सावली आहे, बसायला जागा आहे, जपानी गार्डन आणि बालोद्यान तिथेच. फुटाळा तलावावर संध्याकाळी गर्दी फार, मुलांना भुट्टा खायचा असेल तर जा, निसर्ग म्हणून जाऊ नका.

पण शहराच्या उंबरठ्यावरचं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण वेगळंच आहे, आणि नागपुरात जन्म गेलेल्या लोकांनीही ते पाहिलेलं नसतं. काटोल रोडवर जुनापाणी. तिथे माळावर दगडांची वर्तुळं आहेत, म्हणजे मोठमोठे धोंडे गोल मांडलेले, मधे मुरूम-मातीचा थोडा उंचवटा. लोहयुगातल्या माणसांच्या दफनाच्या जागा ह्या, दोन-अडीच हजार वर्षांहून जुन्या. ह्या परिसरात अशी कितीतरी वर्तुळं आहेत. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्याने १८७९ साली ह्यांच्यावर लिहिलं, पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं. जवळच्याच माहुरझरीत मण्यांचा मोठा कारखाना होता आणि तिथल्या उत्खननात माणसाबरोबर पुरलेला घोडा सापडला, तांब्याच्या साजासकट. पहिल्यांदा बघाल तर म्हणाल नुसते दगडच तर आहेत. म्हणून असं करा, सकाळी सातच्या आत जा, ऊन तिरपं असताना, आणि मुलांना एकेका धोंड्यावरून हात फिरवायला सांगा. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, बोटाचं पेर बसेल एवढे, ओळीने. तिरप्या उन्हात त्या खळग्यांत सावली भरते आणि दिसत नव्हते ते दिसायला लागतात, नऊ वाजता वरून ऊन आलं की परत गायब. हे खळगे विशिष्ट दिशांनाच आहेत का ह्यावर खगोलशास्त्रज्ञांनीही अभ्यास केलाय. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात होकायंत्र द्या, मोबाईलमधलं चालेल, आणि खळगे असलेला धोंडा वर्तुळाच्या कोणत्या बाजूला आहे ते कागदावर काढायला सांगा. दोन तास कसे जातात कळत नाही आणि खर्च शून्य. फक्त दगड हलवायचा नाही, त्यावर चढून फोटो काढायचे नाहीत, मातीत खापराचा तुकडा दिसला तर तिथेच ठेवायचा.

किल्ल्याची सवय आहे म्हणता तर रामटेकचा पट्टा तुमच्यासाठीच आहे. जबलपूरच्या हायवेने पन्नासेक किलोमीटर. बहुतेक लोक गडमंदिरात दर्शन घेतात, खिंडसी तलावावर बोटीत बसतात आणि परत येतात. तुम्ही गाडीने वर जाऊ नका, अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढा. आई गाडीने वर येऊ शकतात, तिथे भेटा. वर राममंदिराशिवाय वाकाटकांच्या काळातली दोन नरसिंहाची मंदिरं आहेत, साधी, जाड भिंतींची, आत एवढा मोठा बसलेला नरसिंह की गाभारा छोटा वाटतो. पंधराशे वर्षं झाली त्यांना. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली आणि नवरा लवकर गेल्यावर राज्य तिने चालवलं, ती हीच भूमी. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, रामटेकपासून दहा किलोमीटरच्या आत, तिथे आज जो भुईकोट दिसतो तो नंतरचा आहे पण बुरूज-तटबंदी चांगली आहे, मुलांना पळायला भरपूर जागा. आणि हायवेवरचं मनसर, तिथल्या टेकडीवर विटांचं भलंमोठं बांधकाम खोदून काढलंय, वाकाटक राजा प्रवरसेनाचं प्रवरपूर ते हेच असं मानतात. मनसरला सापडलेली शिवाची एक सुंदर मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रामटेकच्या पायथ्याशी कर्पूर बावडी म्हणून पायऱ्यांची विहीर आहे, रस्ता थोडा विचारत जावं लागतं, पण जा. भर उन्हाळ्यातही बावडीच्या ओवरीत उभं राहिलं की बाहेरपेक्षा चांगलाच गारवा लागतो, जुन्या लोकांनी उन्हाचं काय केलं ते तिथे अंगाला कळतं.

रामटेकला दोन गोष्टी सांभाळा. मंदिरात अनवाणी जावं लागतं, आणि मार्चनंतर दहा वाजले की दगडी फरशी अशी तापते की मुलं रडतात, म्हणून सगळ्यांसाठी जाड मोजे बरोबर ठेवा. आणि माकडं. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती त्यांची. प्रसाद, चष्मा, बॉटल सगळं सॅकमध्ये आणि सॅकची चेन बंद.

आता जंगल. ताडोबा मोठं आहेच, १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, पण ते वर्षातून एकदा नीट ठरवून करा, दोन मुक्काम, तीन सफारी. मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. बाकी वर्षभरासाठी जवळची जंगलं आहेत. बोर, वर्धा जिल्ह्यात हिंगणीजवळ, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आकाराने अगदी लहान पण साग-मोहाचं देखणं जंगल आणि धरणाचं पाणी. उमरेड-पवनी-कऱ्हांडला, २०१२ चं अभयारण्य, साठेक किलोमीटर, मिहानहून तर आणखी सोयीचं. आणि पेंच, सिल्लारी गेट सत्तर किलोमीटरच्या आसपास. जाता जाता हायवेवर बघा, मनसरच्या पुढे रस्ता कितीतरी जागी खांबांवर उचलून घेतलाय, खालून जनावरं जावीत म्हणून, आणि वाघ खरोखर खालून जातात, कॅमेऱ्यात आलेत.

वाघ दिसला नाही म्हणून गाईडवर चिडणारी माणसं मी फार पाहिली आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या चिडण्याचा परिणाम थेट जनावरावर होतो. टीप मिळेल म्हणून ड्रायव्हर गाडी जवळ घालतो, दुसरा त्याच्या पुढे घालतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडलाच्या गोठणगाव भागात जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं, व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत आपल्यासारखेच लोक होते, पोराबाळांना घेऊन आलेले. तेव्हा गाडीत बसतानाच ड्रायव्हर आणि गाईडला सांगा की वाघ दिसला नाही तरी चालेल, आम्हाला पक्षी, झाडं, पावलांचे ठसे दाखवा, गाडी दाबू नका. हे एक वाक्य बोललात की त्यांचाही जीव भांड्यात पडतो आणि मग ते खरं जंगल दाखवतात. रस्त्याच्या धुळीत पहाटेचे ठसे, अर्जुनाच्या बुंध्यावर अस्वलाचे ओरखडे, सांबराचा भोंगा, माकडाचा खक्क असा इशारा, ह्यात मुलं जास्त रमतात, विश्वास ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, तेव्हाचं बोर बघाच. नंतर मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो आणि गावच्या बाया पहाटे अंधारात वेचायला येतात. त्या दिवसांत जंगलाकाठच्या रस्त्यावर हॉर्न मारत जाऊ नका, आणि स्वतः पायी आत शिरू नका, वाघ गेटच्या आतच राहतो असं काही नाही. तुमच्या मिहानमध्येच नोव्हेंबर २०१९ मध्ये वाघ फिरत होता.

पेंचचं आणखी एक वैशिष्ट्य आहे जे सफारीपेक्षा कमी लोकांना माहिती आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे जिथलं रात्रीचं आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं असतं, भारतातला पहिला. सिल्लारीच्या आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खालीच पडेल असे बसवले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अमावास्येच्या मागच्या-पुढच्या शनिवारी सिल्लारीला मुक्काम करा. नागपुरातून जे आकाश दिसतं त्यात आणि ह्यात काही तुलनाच नाही. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकाने मोबाईलची स्क्रीन उघडली की सगळ्यांची ती सवय मोडते. थंडी कडक असते, आईसाठी कानटोपी, शाल, जाड चटई.

आणि मे महिन्यात? मे महिन्यात मोठ्यांसाठी एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी वर्षभर थांबतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं "निसर्गानुभव" कार्यक्रमात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसू देतं. ताडोबा, पेंच, नागझिरा, बोर अशा जंगलांत असतं, अर्ज आधी करावा लागतो, जागा मोजक्या, लहान मुलांना घेत नाहीत. दुपारीच नेऊन सोडतात, बरोबर वनखात्याचा किंवा गावातला एक माणूस असतो, आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. दुपार अवघड असते, मचाणाच्या लाकडालाही चटका बसतो, गरम वारं अंगावर येतं. ओला पंचा मानेवर ठेवायचा आणि शांत बसायचं. चारच्या सुमारास पहिले होले आणि मोर येतात, मग चितळ, पण चितळ सरळ पाण्यावर येत नाहीत, दहा पावलं पुढे, पाच मागे, कान फिरवत, म्होरकी मादी पाण्याला तोंड लावते तेव्हाच बाकीचे येतात. अंधार पडला की चांदण्यात पाणवठा पत्र्यासारखा चकाकतो आणि मग दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतं. रानडुकरांची लगबग, रानगव्याचं पाणी ओढणं, अस्वल आलं तर त्याचं फुरफुरणं मचाणावर नीट ऐकू येतं. समोरच्या झाडीत चितळ ओरडायला लागले की श्वास रोखून बसायचं, वाघ येईलच असं नाही. अत्तर-डिओ नको, चुरचुर वाजणारी वेफर्सची पाकिटं नकोत, कपडे मातकट रंगाचे, पाणी माणशी पाच लिटर तरी. नवरा-बायकोपैकी एकाने घरी मुलांजवळ राहावं आणि दुसऱ्याने जावं, पुढच्या वर्षी अदलाबदल.

पावसाळ्याबद्दल मी जरा कडक बोलतो. इथे धबधबे कमी आहेत म्हणून सगळं शहर तलावांवर आणि धरणांवर लोटतं. झिलपी, मकरधोकडा, घोगरा, दरवर्षी ह्या नावांसोबत पेपरात कोवळ्या पोरांच्या बुडाल्याच्या बातम्या येतात. आपले तलाव वरून शांत दिसतात, पण काठापासून दोन पावलांवर गाळ असतो, पाय रुततो, आणि पोहता येणारा माणूसही घाबरून दुसऱ्याला धरतो. घोगऱ्याला पेंच नदीच्या खडकात पाण्याने कोरलेले रांजणखळगे आहेत, कोरडे असताना बघायला फार सुंदर, पण पाणी वाहत असलं की खळगा कुठे आणि खडक कुठे ते कळत नाही. त्यामुळे नियम सोपा, विदर्भात पाणी बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. मुलांना पोहायचं असेल तर स्विमिंग टँक लावा. कोणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका, दोर, दुपट्टा, बांबू, रिकामा कॅन जे हाताशी असेल ते फेका.

दुसरं, वीज. जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विदर्भात विजा फार पडतात आणि मोकळ्या शेतात माणसं जातात. गडगडाट ऐकू आला की माळ, तलावाचा काठ, एकटं झाड सोडायचं आणि गाडीत बसून काचा लावायच्या. तिसरं, काळी माती. डांबरी रस्ता सोडून गाडी शेताच्या पांदणीत घालू नका, एक सर आली की चाकाला अशी चिकटते की मोठी गाडीसुद्धा जागच्या जागी फिरते, मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. जंगलांचा कोअर म्हणजे आतला भाग तेव्हा ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतो, ताडोब्याचा बफर म्हणजे कडेचा पट्टा काही ठिकाणी चालू असतो. पावसाळ्यात मी लोकांना रामटेकलाच नेतो, किंवा आंभोऱ्याला. वैनगंगेला तिथे कन्हान आणि इतर नद्या येऊन मिळतात, चैतन्येश्वराचं देऊळ, टेकडी, नवा केबलचा पूल, ढग खाली आलेले असले की पात्राकडे बघतच राहावं.

थंडी मात्र आपली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथला माणूस घरात बसत नाही आणि तुम्हीही बसू नका. पूर्व विदर्भात गावोगावी जुने तलाव आहेत, भंडारा-गोंदियाकडे त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यातले. बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले, कित्येक शतकं झाली आणि अजून भाताला पाणी देतात. ह्याच तलावांवर थंडीत बाहेरचे पक्षी उतरतात, तलवार बदकं, चक्रवाक, लालसरी, पट्टकदंब हंस. हा हंस हिमालय ओलांडून येतो, डोक्यावर दोन काळे पट्टे, मुलांना लगेच ओळखता येतो. साधी ८ बाय ४० ची दुर्बीण घ्या, दोन मुलांत एक, भांडणं होतील पण चालेल. नवेगावबांधचा तलाव ह्या सगळ्यांचा राजा, दीडशे किलोमीटरच्या आसपास, एक मुक्काम हवा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले, तिथल्या कोळी-ढिवरांकडून, गोंडांकडून पक्ष्यांची नावं शिकले आणि मराठीत आणली. गोंदियाच्या भातशेतात सारस आहेत, महाराष्ट्रात आता जवळजवळ तिथेच उरलेत. दिसले तर रस्त्यावरूनच बघा, घरट्याच्या जवळ जाऊन फोटो नको.

आईसाठी थंडीतला एक दिवस सेवाग्राम आणि पवनार. ७५-८० किलोमीटर, रस्ता सरळ. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. बापूकुटीत माती, बांबू, कौलं एवढंच, आत वाकून जायचं, जाड मातीच्या भिंतींमुळे दुपारीही गार असते. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम, तिथे बोलायचं हळू आणि बसायचं निवांत.

आणि जेवण. पुण्यात ट्रेकनंतर मिसळ असेल, इथे थंडीतला खरा आऊटिंगचा स्वयंपाक म्हणजे रोडगे. शेतात किंवा मारुतीच्या देवळापाशी गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे जाड गोळे त्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. ऑफिसातल्या कोणाचं ना कोणाचं शेत असतंच, नुसतं म्हणा की एकदा रोडगे खायचेत, आमंत्रण आलंच समजा. ह्या निमित्ताने मुलांना संत्र्याची बागही बघता येते, काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराची फळं साधारण दिवाळीपासून पुढे झाडावर असतात. मालकाला विचारल्याशिवाय फळाला हात नाही.

हिल स्टेशनचाही प्रश्न येतोच म्हणून सांगतो. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, नागपूरहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पचमढीलाही साधारण तेवढाच प्रवास. उंचीचा हिशोब केला तर नागपूरपेक्षा पाच-एक डिग्री कमी, म्हणजे मे महिन्यात दुपारी तिथेही ३७-३८ असू शकतं. रात्री मात्र झोप छान लागते. एका दिवसात जाऊन यायचा विचार करू नका, मेळघाटचे घाट आणि अंधार हे जोडीने नको, वाटेत जनावरं असतात. दोन रात्री काढा, गाविलगड किल्ला बघा, तुम्हाला तेवढीच सह्याद्रीची तहान भागेल. ऑगस्टमध्ये धुक्यासाठी सगळा विदर्भ तिथे असतो, शनिवार-रविवार टाळा, एखादा सोमवार-मंगळवार सुट्टी टाकून जा.

सामानात मार्चपासून पुढे ह्या गोष्टी गाडीत कायम. माणशी निदान तीन लिटर पाणी, त्यात एक छोटा माठ किंवा कॅन, ओआरएसची पाकिटं, मीठ-साखर, सुती पंचे प्रत्येकाला एक, रुंद काठाची टोपी. नुसती क्रिकेटवाली कॅप नको, मान आणि कान उघडे राहतात. पन्हं घरून बनवून न्या. कोल्ड्रिंकने तहान भागत नाही. आई रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील तर उन्हाळ्याच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, काही गोळ्यांनी लघवी वाढून पाणी कमी होतं. नवीन माणसाच्या शरीराला ह्या उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे मार्चमध्ये रोज सकाळी थोडं थोडं चाला, एकदम एप्रिलात उतरू नका.

लू लागल्याचं कसं ओळखायचं? डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, इथवर असेल तर सावलीत बसवा, ओआरएस द्या, अंगावर ओला पंचा, बहुतेक वेळा सावरतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल गेला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर ती इमर्जन्सी आहे, मग घाम येतोय की नाही ह्यावर जाऊ नका. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ असेल तर बर्फ. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. क्रोसिन देऊन हा ताप उतरत नाही. आणि मुलांना "दोन मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत सोडायचं नाही, फेब्रुवारीतसुद्धा नाही.

टेकड्या-गडांवर आग्यामोहळं असतात, धूर, सेंट आणि आरडाओरडा ह्यांनी माश्या उठतात. पोळं दिसलं की आवाज न करता मागे फिरा.

आता तुमच्यापुरतं बोलायचं तर फेब्रुवारीचे दोन रविवार हातात आहेत. पहिला जुनापाणीला द्या, सातच्या आत पोचा, नऊला परत. दुसऱ्याला बोरची सकाळची सफारी, पळसासाठी, बुकिंग आजच ऑनलाइन बघा, कारण होळीच्या सुट्टीची गर्दी लागून येते. रामटेक मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला निघून. एप्रिलपासून शनिवारी लवकर झोपायची घरादाराला सवय लावा, नाहीतर पाचचा गजर कोणी ऐकत नाही. आणि निसर्गानुभवच्या अर्जावर एप्रिलभर नजर ठेवा, उघडला की जागा लवकर भरतात.